गच्चीवरचा स्लाइस

गोल्फ हा गप्प राहून खेळायचा खेळ आहे हे आधी कळलं असतं, तर मी त्याच्या वाटेला गेलोच नसतो. आमच्या करी रोडच्या चाळीत गणपतीतल्या कार्यक्रमांचं निवेदन कायम माझ्याकडे असतं. दोन नाचांच्या मध्ये मी इतका बोलतो की पोरं मेकअप उतरवून झोपून जातात.

पन्नाशी उलटल्यावर कंपनीने मला मॅनेजर केलं आणि मोठ्या साहेबांबरोबर गोल्फ खेळायला नेलं. माझा पहिलाच चेंडू ऐटीत सरळ निघाला, मध्येच मत बदलल्यासारखा उजवीकडे वळला आणि चहाच्या तंबूत शिरला. एका बाईंच्या बशीतला समोसा उडाला. मी कमरेत वाकून नमस्कार केला.

घरी येऊन हा प्रसंग मी शेजारच्या खोलीतल्या मित्राला साभिनय करून दाखवला. समोसासुद्धा मीच झालो. आम्ही दोघं एकाच गॅलरीत रांगलो, एकाच शाळेत मार खाल्ला. तो एका गोल्फ क्लबात कॅडी होता. साहेबांची पिशवी खांद्यावर घ्यायची, चेंडू कुठे पडला ते बघायचं, मागितली ती काठी काढून द्यायची, हे त्याचं तीस वर्षांचं काम. गॅलरीत जमलेले सगळे हसले, तो हसला नाही.

"चेंडू असा उजवीकडे वळतो ना, ह्याला स्लाइस म्हणतात," तो म्हणाला. "झाडू घे. मार परत."

मी झाडू फिरवला. त्याने एकदाच बघितलं आणि म्हणाला, "जातो. ह्याला इलाज आहे."

"मग तुझ्या साहेबांचे का नाही घालवलेस?"

तेव्हा त्याने सांगितलं. कामाला लागल्यावर पहिल्याच महिन्यात तो एका साहेबांना म्हणाला होता, "साहेब, तुमचं मनगट वळत नाही." त्यानंतर आठ दिवस त्याला कोणी पिशवी दिली नाही, झाडाखाली बसवून ठेवला. साहेबाने विचारल्याशिवाय कॅडीने तोंड उघडायचं नाही, हा नियम त्याला असा कळला. पुढे कोणी विचारलंच नाही. "रोज दिसतं रे," तो म्हणाला. "मागे उभा राहून सगळं दिसतं."

वरळी कोळीवाड्यातून त्याने मासे धरायचं जुनं जाळं आणलं आणि गच्चीवर पाण्याच्या टाकीला बांधलं. जाळ्याला वास होता, त्यामुळे माझ्या पहिल्या धड्याला चाळीतल्या झाडून सगळ्या मांजरी हजर होत्या. मी त्यांना प्रेक्षक धरून बोलत सुटलो. जाळं दहा फुटांवर, मग चेंडू वळला ते कळणार कसं? तो म्हणायचा, "जाळ्यात घुसल्यावर कुठे लोळतो ते बघ." माझा चेंडू जाळ्यातसुद्धा उजवीकडे लोळायचा. वर्षभर रविवारी हा खेळ चालला. घाई कोणालाच नव्हती.

मग त्याचा घसा बसला. दोन महिने उघडलाच नाही. परळच्या हॉस्पिटलात तपासण्या झाल्या, आणि वहिनींनी मला जिन्यात गाठून सांगितलं, "भावजी, कॅन्सर आहे. स्वरयंत्रच काढणार म्हणतात. तीन आठवड्यांनी."

मी धीर देणारं भाषण तयार करून त्याच्याकडे गेलो. त्याने ते पहिल्या वाक्यातच तोडलं. आवाज घासल्यासारखा, पण शब्द कळत होते.

"उद्यापासून रोज वर ये, ऑफिसातून आल्यावर. एकाचा तरी स्लाइस मला बोलून घालवायचाय. साहेब लोक आता विचारणार नाहीत. तू आहेस."

"मी फुकटचा साहेब."

"माझा चेंडू का वळतो, असं विचार. नीट विचार."

मी विचारलं. त्याचे डोळे भरून आले आणि मी घाईघाईने एका मांजरीची नक्कल केली.

चौथ्या संध्याकाळी त्याला कारण सापडलं. लहानपणी आम्ही चाळीच्या अंगणात क्रिकेट खेळायचो तेव्हा डावीकडे मारला की आऊट, असा नियम होता. डावीकडे पहिलं दार त्याचं. त्याचे वडील मिलमध्ये तिसरी पाळी करून दिवसा आत झोपलेले असायचे. "तू डावीकडे बॅट वळवतच नाहीस," तो म्हणाला. "आमच्या बाबांना अजून झोपू देतोयस, मेल्या. ते गेले कधीच. वळव आता."

मला हसू आलं, आणि मग मी काठी टाकीला टेकवून ठेवली.

त्याने माझा नवा बूट चेंडूच्या पलीकडे, जरा मागे ठेवला. काठी अंगाकडून न येता पलीकडून आली की बुटाला लागणार. पहिल्याच फटक्याला बूट कठड्यावरून खाली गेला आणि खालून तळमजल्यावरच्या आजींनी माझ्या सात पिढ्या काढल्या. मी कठड्याशी उभा राहून त्यांना तितक्याच तपशिलात उत्तर दिलं. गॅलऱ्यांतून माणसं बाहेर आली, चांगला रंग चढला. मागे वळून बघतो तर तो टाकीला टेकून वाट बघत होता. मला काहीतरी सांगायला त्याने तोंड उघडलं होतं, ते माझ्या गडबडीत राहून गेलं. अशी किती वाक्यं राहिली, देव जाणे.

वहिनी एकदा जिन्यात म्हणाल्या, "घरात पाणी मागायलासुद्धा खुणा करतात. म्हणे आवाज जपतोय. आणि वर तुम्हाला तासभर शिव्या." त्या रागावल्या नव्हत्या. त्यांना फक्त ते मला सांगायचं होतं. मी त्याला म्हटलं, उद्या नको, घरात बस, लेकीशी बोल. तो म्हणाला, "त्यांना मी न बोलता कळतो. तुला बोलूनसुद्धा कळत नाही."

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी त्याला दाखल व्हायचं होतं. पिशवी भरून दारात ठेवली होती. आम्ही वर गेलो. मी त्या दिवशी एकही विनोद केला नाही. वीस चेंडू मारले. डावा हात त्याने सांगितला तसा धरला, मनगट पोळी उलटल्यासारखं वळवलं. विसावाही उजवीकडे लोळला.

"सरळ गेला म्हण ना रे," मी म्हटलं. "एकदा खोटं बोल."

"खोटं बोलण्याएवढा आवाज नाही उरला," तो म्हणाला. मग, "शेवटी, वळवताना घाबरतोस. अजून घाबरतोस." खालून वहिनींनी हाक मारली.

ऑपरेशन नीट झालं. दीड महिन्याने तो गच्चीवर आला. गळ्याला खाली भोक, त्यावर पांढरा रुमाल. टाकीच्या सावलीत, माझ्या मागे दोन पावलांवर येऊन उभा राहिला. क्लबात उभा राहत असेल तसाच, हात पाठीमागे बांधून. मी म्हटलं, "बस की, स्टूल आहे." तो बसला नाही.

मी मारत राहिलो. सात-आठ फटक्यांनंतर एक चेंडू लागला तेव्हा हातांना काही जाणवलंच नाही. तो जाळ्याच्या मधोमध घुसला आणि तिथून सरळ खाली पडला. कुठेही लोळला नाही.

मी वळलो. त्याचं तोंड उघडं होतं. ओठ हलत होते. रुमालाखालून नुसती हवा येत होती. त्याने बोट गळ्याशी नेलं, पुन्हा प्रयत्न केला आणि खोकला आला. खूप वेळ खोकत राहिला. मी पाठीवरून हात फिरवला. काय म्हणतोस ते लिहून दे, असं म्हणत मी खिशातून पेन काढलं. त्याने ते माझ्या हातासकट बाजूला केलं.

मग पायाने दुसरा चेंडू माझ्याकडे ढकलला.

मी तो मारला. पुन्हा उजवीकडे गेला. तेही त्याला सांगता आलं नाही.