अनवाणी नवरात्र

महिपत कदमचे वडील पन्नाशी न गाठताच गेले. दाढी करता करता आरशासमोर खाली बसले, ते उठलेच नाहीत. आता महिपत त्याच वयाला येऊन टेकला होता, आणि म्हणून पळत होता. लोकांना तो तब्येत, फिटनेस असलं काहीबाही सांगायचा. खरं कारण एवढंच, की पळतोय तोवर आपल्याला काही होणार नाही, असं त्याच्या मनाने घेतलं होतं. दिवसभर नौपाड्यातल्या दुकानात मान मोडून शिलाई मशीन दुरुस्त करणारा हा माणूस पहाटे कल्याणच्या गांधारी रस्त्यावर सुटला, की हाका मारूनही थांबायचा नाही.

मग गुडघ्याने दगा दिला. पळणं बंद करा, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि महिपतची झोप उडाली. शेवटी त्याच रस्त्यावर अनवाणी पळणाऱ्या विनीतने त्याला वाट दाखवली.

"काका, बुटात तुम्ही टाच आपटता. अनवाणी पळून बघा, पाऊल आपोआप हलकं पडेल. पण हळूहळू हां! आधी गवतावर, तेही थोडंच. एक दिवस अनवाणी, मग दोन दिवस बूट. घाई केलीत ना, तर गुडघा वाचेल आणि पाऊल जाईल."

महिपतने हे इमानेइतबारे पाळलं. पोटऱ्या भरून यायच्या, तळव्यांना खडे टोचायचे, पण गुडघा गप्प बसला. माणूस पुन्हा हसायला लागला, बायकोशी नीट बोलायला लागला. आणि तेवढ्यात घरात घट बसले.

नवरात्रात घरातल्या एकाने अनवाणी राहायचं, हा कदमांचा नवस. नवरा गेला त्या वर्षी हौसाबाई, म्हणजे महिपतची आई, तो दुर्गाडीच्या देवीला बोलली आणि दरवर्षी स्वतःच फेडत आली. पण आता तिला साखरेचा आजार होता. गेल्या नवरात्रात पायात काच घुसली ती तिला कळलीसुद्धा नाही. जखम अशी चिघळली, की अंगठा जातोय की राहतोय, अशी वेळ आली. "यंदा नवस माझ्याकडे," महिपत म्हणाला. म्हातारी खट. "तू पायात काही घातलंस, की मी माझी चप्पल काढली म्हणून समज," या अटीवर ती कबूल झाली.

आता बूट घालता येत नाहीत तर तेवढे दिवस पळू नये, इतकं साधं होतं. शाळकरी पोरालाही कळलं असतं. पण भीतीला कसली अक्कल? महिपतला वाटलं, देवीनेच संधी दिली, नवस आणि सराव एकदमच होईल. तो रोज पळाला, आणि तेही डांबरावर.

तिसऱ्या माळेला उजव्या पावलाच्या वरच्या बाजूला ठणका लागला. पाचव्या माळेला पाऊल सुजलं. तरी गडी थांबला नाही. डॉक्टरकडे जायचीही चोरी, कारण डॉक्टर काहीतरी पायात घालायला सांगणार, आणि आई तिची चप्पल काढणार. मग तो अंगठा. रात्रभर त्याच्या डोळ्यांसमोर तो काळवंडलेला अंगठा येत राहिला. बायकोने, रतनने, मलम काढलं तर तिच्यावरच खेकसला.

"आरं, पाय का ओढतोयस?" देवघरापुढे बसल्या बसल्या आईने विचारलं.

"मुंग्या आल्यात गं."

सातव्या माळेला पळून आल्यावर त्याला जिना चढवेना. कठड्याला धरून कसाबसा वर आला, तर दारातच आई उभी. तिने पाय बघितला आणि बाजूला झाली. महिपत आत जाऊन पडला. रतन कामावर गेलेली. घर फारच शांत वाटलं, म्हणून त्याने आईला हाक मारली. ओ आली नाही. लंगडत दाराशी गेला, तर बाहेर आईची चप्पल तशीच होती.

म्हणजे म्हातारी अनवाणीच बाहेर पडली! तो जिना उतरत पळाला. शेवटच्या पायऱ्यांवर पावलात काहीतरी कट्‌कन मोडलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, तरी फाटकापर्यंत गेला.

फाटकात रिक्षा थांबवून आई उभी होती. त्याने आधी तिच्या पायांकडे बघितलं. पायात त्याचे पळायचे बूट होते, नाड्या लोंबत होत्या.

"चप्पल अंगठ्याला घासती रं," ती म्हणाली. "हे मऊ हायेत. बस रिक्षात, हाडाच्या डॉक्टरकडं जायचंय."

"आई, नवस मोडेल..."

"देवीचं मी बघते. तिनं अनवाणी चालाया सांगितलं व्हतं, पळाया न्हाई." मग तिने त्याचा दंड धरला. "तू कशापायी पळतोस, मला कळत न्हाई व्हय? तुझ्या बाचं वय आलंय तुला. आरं, मी तरी इतकी वर्सं अनवाणी कुणापायी चालले?"

रिक्षाचा दांडा धरून महिपत दुखऱ्या पायासकट खाली वाकला आणि आईच्या बुटांच्या नाड्या बांधू लागला. गाठ काही केल्या नीट बसेना. आईने त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि रिक्षावाल्याला जरा थांबायला सांगितलं.