दंड न धरता

द हेगला दोन म्हाताऱ्या ब्रिटिश गिर्यारोहकांचं भाषण होतं. तरुणपणी सह्याद्रीत पाय झिजवलेला मी, मी राहतो त्या उइटहॉर्न गावाहून बस, ट्रेन, ट्राम करत गेलो. दोघं शिखरांबद्दल कमी बोलले आणि स्टोव्ह खालीच कोण विसरलं होतं यावरून जास्त भांडले. मला फार आवडलं.

कार्यक्रम संपला. स्टेजच्या पायऱ्यांना कठडा नव्हता आणि दोघांतल्या थोरल्यांचे गुडघे पार गेलेले. मी पहिल्याच रांगेत होतो. आपल्याकडच्या सवयीने धावत गेलो आणि त्यांचा दंड धरला. त्यांनी तो झटकन सोडवून घेतला. मला रागच आला. मदत करायला जावं तर हे!

"धरू नका," त्यांचा जोडीदार मला म्हणाला. "धरलं की त्याला स्वतःचा तोल कळत नाही." मग तो एक पायरी खाली उतरला, वळला आणि मित्राच्या बुटांकडे बघत नुसता सांगत राहिला, "डावा. आता उजवा." कड्यांवर आयुष्यभर त्यांनी हेच केलं असणार.

पुण्याला बाबाही जिन्यात माझा हात असाच झटकतात आणि दरवेळी आमचं वाजतं. या दिवाळीत मी त्यांच्या एक पायरी खाली उभा राहिलो. हात लावला नाही.

"डावा पाय, बाबा."

"कळतंय मला," ते खेकसले. आणि डावा पाय टाकला.