दादासोंचा लाडका कलाकार

जत तालुक्यातल्या आमच्या गावात विनोदाची खरी कदर एकाच माणसाला होती. पंचायत समितीचे सदस्य दादासो. ब्याण्णव साली सांगलीला कसल्याशा बैठकीला गेले असताना त्यांनी अनंत तासगावकरांचा एकपात्री प्रयोग पाहिला आणि खुळावूनच परत आले. पुढारी, हुंडा, बुवाबाजी, तासगावकर कुणालाच सोडत नसत. दादासोंनी त्यांच्या सगळ्या कॅसेटी आणल्या. जीपमध्ये दिवसभर तेच वाजायचं.

"आपल्या मनातलं बोलतोय गड्या," दादासो म्हणायचे.

हुंड्यावरची कॅसेट त्यांना तोंडपाठ होती. थोरल्या मल्हारच्या लग्नाच्या बैठकीत त्यांनी ती पाहुण्यांना म्हणून दाखवली. पोट धरधरून हसून झाल्यावर म्हणाले, "आमाला हुंडा नको. आमी सुधारल्याली मानसं. पोराला निस्ती मोटरसायकल द्या." पुढं त्याच मोटरसायकलवर मागं बसून ते मिरजेला तासगावकरांचा प्रयोग बघून आले.

पंच्याण्णवच्या जत्रेत त्यांनी तमाशा रद्द करून तासगावकरांनाच बोलावलं. गाव नाराज झालं, पण दादासोंपुढं बोलणार कोण?

तासगावकर दुपारी एसटीनं आले, धुळीनं माखलेले. दादासोंच्या बायकोनं, धोंडुबाईंनी, बंबात पाणी तापवून ठेवलं होतं. पाहुण्यांनी मनसोक्त आंघोळ केली, जेवले आणि गाव बघायला म्हणून बाहेर पडले. देवळामागं सरकारी हौद होता, कोरडा ठणठणीत. त्याच्याभोवती घागरींची रांग आणि घागरींच्या सावलीला बसलेल्या बाया.

"टँकर येत नाही का?" त्यांनी विचारलं.

"येतो की," अंबूबाई म्हणाली. ती रांगेत सगळ्यात पुढं होती. "आदी दादासोंच्या टाकीत रिकामा हुतो. उरलं तर हिकडं."

दिवेलागणीला प्रयोग सुरू झाला. पहिल्या रांगेत खुर्चीवर दादासो, शेजारी धोंडुबाई. तासगावकरांनी माईक हातात घेतला. नेहमीची सुरुवात केलीच नाही.

"मंडळी, आज दुपारी मी आंघोळ केली. दोन बादल्या कढत पाणी. अंग पुसून बाहेर पडलो, तर हौदापाशी एक बाई भेटल्या. सकाळपासून बसल्या होत्या. मी विचारलं, कुणाची वाट बघताय? म्हणाल्या, तुमी अंगावर घेतलं ना, त्याचीच!"

आधी बायका हसल्या. कधी नव्हे त्या मोठ्यानं, पदर बाजूला सारून. मग सगळं मैदान हसलं. दादासो तर सवयीनं विनोद पुरा व्हायच्या आधीच हसू लागले होते. हसता हसता त्यांच्या ध्यानात आलं, की लोक स्टेजकडं बघत नाहीत, आपल्याकडं बघतायत. तोंड तसंच उघडं राहिलं. क्षणभर कुणाला कळेना आता काय होतंय. मग दादासोंनी जोरात टाळी वाजवली. "वा! ह्येला म्हनत्यात कलाकार!"

धोंडुबाई मात्र हसल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी टँकर आला, तेव्हा त्या दारच्या फाटकाला कडी लावून आडव्या उभ्या होत्या. "हौदावर जा," त्यांनी ड्रायव्हरला सांगितलं.

दादासो धावत आले. "अगं, येडी का खुळी तू? विनोद हाय त्यो. मनाला लावून घ्यायचा नसतो."

"मनाला लागत न्हाई, तर मग हसताय कशापायी?" धोंडुबाई म्हणाल्या. "काल अख्खं गाव माज्याकडं बघत हुतं. पानी म्या तापवलं हुतं."

ड्रायव्हरनं एकदा सदस्याकडं पाहिलं, एकदा सदस्याच्या बायकोकडं, आणि गाडी वळवली.

दादासो चार दिवस घराबाहेर पडले नाहीत. विरोधकांना वाटलं, गडी संपला. पण पाचव्या दिवशी ते पारावर आले आणि म्हणाले, "पान्याचा इषय म्याच दिला हुता त्यास्नी. म्हनलं, आमच्यावर बोला. आमाला राग न्हाई."

वर्षभरात तासगावकरांची नवी कॅसेट निघाली. त्यात ती आंघोळ होती, दोन बादल्यांसकट. दादासोंनी सांगलीहून खोकं भरून कॅसेटी आणल्या आणि तालुकाभर वाटल्या. ज्याला त्याला सांगायचे, "ह्यातला पुढारी म्हंजी मी बरं का!"

पुढच्या निवडणुकीत ते आणखी जास्त मतांनी निवडून आले. टँकर मात्र हौदावरच जात राहिला. धोंडुबाई माहेरी गेल्या, की तेवढ्यापुरता तो वाट चुकायचा.