मारलं म्हणजे काय?

माझ्या जागेच्या दाव्याला पुन्हा पुढची तारीख पडली, म्हणून वैतागून मी शेजारच्या सत्र न्यायालयात मागच्या बाकावर जाऊन बसलो. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात एक बाई उभ्या होत्या. पाण्याच्या पाळीवरून भांडण झालं, शेजाऱ्याने त्यांच्या भावाच्या डोक्यात कुदळीचा दांडा घातला आणि भाऊ जागीच गेला.

"त्यानं माझ्या भावाला मारलं," बाई म्हणाल्या.

आरोपीचे वकील उठले. "मारलं म्हणजे मारहाण केली, की ठार मारलं?"

बाई गोंधळल्या. मला आधी वकिलाचा राग आला, मग आपल्या भाषेचाच आला. पोराला धपाटा दिला तरी मारलं, डास चिरडला तरी मारलंच. कायद्याचं तसं भागत नाही. जीव घ्यायचाच होता, तर खून. भांडणाच्या भरात हात उठला आणि माणूस दगावला, तर सदोष मनुष्यवध. फरक हवाच, हे मलाही पटतं. पण दांडा दिसतो, हेतू कुणाला दिसतो? आणि तो सांगायला उभं कुणाला केलंय, तर हिला!

"त्याच्या मनातलं मला कसं ठाऊक? मी दारात उभी होते," बाई म्हणाल्या.

शेवटी टंकलेखकाने साक्ष वाचून दाखवली, "आरोपीने माझ्या भावास मारहाण केली."

बाईंनी हात वर करून त्याला थांबवलं.

"नुसती मारहाण केली असती, साहेब, तर आज सांगायला तोच आला असता."