तीनशे ब्याण्णव चौरस फूट

बोरिवली पूर्वेला आम्ही फ्लॅट बुक केला तेव्हा माझ्या लग्नाला तीन वर्षं झाली होती. तोवर सासू-सासरे, नवरा आणि मी असे चौघं लालबागच्या चाळीत एका खोलीत राहत होतो. बिल्डरने दिलेल्या कागदावर लिहिलं होतं, पाचशे वीस चौरस फूट. हा आकडा सासूबाईंनी चाळीच्या अख्ख्या मजल्याला सांगून ठेवला होता.

सासरे गिरणीत फोल्डिंग खात्यात होते. तीस वर्षं कापड मोजण्यात गेलेली, त्यामुळे कुणीही सांगितलेलं माप स्वतः मोजल्याशिवाय त्यांना पटत नसे. इमारतीला प्लास्टर झाल्याचं कळलं तसे एका रविवारी ते आम्हाला घेऊन निघाले. नवऱ्याने शिंप्याची टेप आणली होती, ती त्यांनी परत खिशात घालायला लावली. कापडी टेप ताणते, तिच्यावर विसंबलेला माणूस फसतो, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी ओळखीच्या कापड दुकानदाराकडून लोखंडी गज मागून आणला होता, बरोबर तीन फुटांचा.

धोतर खोचून ते ओणवे झाले आणि खडूच्या रेघा मारत भिंतीकडून भिंतीकडे सरकू लागले. वही माझ्याकडे.

"लिव गो. हॉल, धा बाय पंधरा."

बेडरूम दहा बाय अकरा निघाली. स्वयंपाकघर एका कोपऱ्यात बाहेर आलेलं, सरळ चौकोन होईना. नवरा म्हणाला, "सोडा ना बाबा, अंदाजे धरू." सासऱ्यांनी ब्लाउजपीस कापावा तसे खडूने त्याचे दोन तुकडे केले. एक आठ बाय सात, एक चार बाय चार.

सासूबाईंना कपाटाच्या जागेची काळजी. मधेच म्हणाल्या, "कपाट खंय रवतलां तां आधी बघा."

मोरी, संडास, पॅसेज धरून मी बेरीज केली. तीनशे ब्याण्णव. दोनदा केली, तरी तेवढीच. सासूबाई मटकन सिमेंटच्या गोणीवर बसल्या. चाळीत आता काय सांगायचं, हा त्यांच्यापुढचा मोठा प्रश्न.

तेवढ्यात साइटवरचा इंजिनियर आला. तरुण मुलगा, स्वभावाने बरा. वही बघून म्हणाला, "काका, तुमचं बरोबर आहे. हा कार्पेट. सतरंजी अंथरता येते तेवढीच जागा. आमचा आकडा सुपर बिल्टअप. त्यात भिंतींची जाडी येते, बाल्कनी येते, जिन्यातला तुमचा वाटा येतो."

"भिंतीत काय मी रवतलंय?" सासऱ्यांनी शांतपणे विचारलं.

"तसं नाही काका, सगळे असंच मोजतात."

"आमी धोतर मोजताना दुकान मोजूक नाय."

इंजिनियरला हसू आवरेना. पण सासरे हसले नाहीत. जिन्यात आपला वाटा किती, तेवढं दाखवा म्हणाले, आणि गज घेऊन जिना मोजायला निघालेसुद्धा. त्यांना थोपवता थोपवता इंजिनियरला घाम फुटला.

पुढचे तीन रविवार सासरे तिथेच होते. फ्लॅट बघायला आलेल्या लोकांनी त्यांना धरलं, काका, आमचंही मोजा ना. एका मजल्यावरचे सारख्या मापाचे म्हणून विकलेले दोन फ्लॅट त्यांनी मोजले, तर एकातला खांब आठ चौरस फूट खाऊन बसलेला. मग सगळे मिळून बिल्डरच्या ऑफिसात गेले. फ्लॅट काही मोठे झाले नाहीत, पण प्रत्येकाच्या करारात कार्पेटचा आकडा वेगळा लिहून मिळाला. सासूबाईंनी चाळीत पाचशे वीसच चालू ठेवलं.

आम्ही राहायला गेल्यावर वर्षभराने तोच इंजिनियर घरी आला. चहा झाला तरी उठेना. शेवटी म्हणाला, "काका, मी दहिसरला फ्लॅट घेतलाय, दुसऱ्या बिल्डरकडे. जरा येता का?"

"तू इंजिनियर ना रे?"

"माझं मोजून झालंय. पण घरचे म्हणतात, काकांकडून मोजून आण."

सासऱ्यांनी सदरा बदलला, वही माझ्या हातात दिली आणि आम्ही तिघं दहिसरला गेलो. दुपारभर मोजमाप चाललं. दोघांचे आकडे इंचाला इंच जुळले. त्या दिवशी घरी येताना सासरे इतके खुशीत होते की स्टेशनबाहेर त्यांनी आपणहून मला उसाचा रस पाजला.