कणसाच्या वर चार बोटं

मला बढाई मारायची खोड आहे, आणि विषय आईचा असला की मग विचारूच नका.

मे महिन्यात छावणीजवळच्या मैदानावर उन्हाळी मेळा लागला होता. आई कन्नड तालुक्यातल्या आमच्या गावाहून आठ दिवस आली होती, म्हणून संध्याकाळी तिला घेऊन गेलो. खरं तर या मेळ्याचा मला तिटकाराच आहे. कानठळ्या बसवणारी गाणी, आणि धूळ बसावी म्हणून इतकं पाणी मारलेलं की चपला चिखलात रुतायच्या. तरी दरवर्षी जातो. यंदा फाटकातच ऑफिसातले साहेब आणि त्यांच्या मिसेस भेटल्या.

चौघं फिरत फिरत डबे पाडायच्या दुकानापाशी आलो. एकावर एक रचलेले सहा डबे, मागं पांढरा पडदा, हातात तीन चेंडू. माझी जीभ वळवळली.

"साहेब, आता आमच्या आईचा नेम बघा. लग्न झाल्यापासून ज्वारी राखलीय तिनं. गोफण नसली तर नुसत्या ढेकळानं पाखरं उठवायची!"

"नगं रं, लोकं बघतेत," आई म्हणाली. पण मी चेंडू तिच्या हातात कोंबलाच. तिनं पदर खोचला.

पहिला चेंडू वरच्या डब्याच्या वरून गेला. दुसराही तसाच. तिसराही. एक डबा जागचा हलला नाही. मिसेस रुमालात हसल्या. साहेब म्हणाले, "होतं हो असं." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि मी पटकन बोलून गेलो, "वय झालं आता तिचं."

साहेब मंडळी बर्फाच्या गोळ्याकडे वळली. आई पदराला हात पुसत राहिली.

दुकानदार म्हातारा होता. तो चेंडू उचलायचं सोडून पडद्याकडेच बघत होता. "अम्मा, इधर देखो. तीनो एकीच जगे पे लगे!"

चेंडू चिखलात लोळलेले. पांढऱ्या पडद्यावर, वरच्या डब्याच्या अगदी वर, पुरीएवढा एकच डाग होता. तीन चेंडूंचा एक डाग.

आईला आमच्या नवलाचंच नवल वाटलं. "मंग अजून कुठं लागणार? कणसाला लागलं तर दाणं झडतेत. पाखराला लागलं तर पाखरू मरतं. चार बोटं वरूनच सोडायचं असतं."

"पण माय, इथं डबे पाडायचे होते."

"हाताला सांगितलं व्हतं की म्या. हात ऐकंना."

त्याच ज्वारीच्या भाकरी खाऊन मी मोठा झालो, शिकलो, साहेबांच्या ऑफिसात बसलो. दाणा न झडू देता, पाखरू न मारता ती कशी राखली, हे कधी विचारलं नव्हतं. ऊर भरून आला, आणि मघाच्या बोलण्याची लाजही वाटली. मी तिथूनच ओरडलो, "साहेब, इकडं या! हा डाग बघा!"

साहेब गोळा चोखत आले, डाग बघून चोखायचे थांबले. आणखी चार माणसं जमली. दुकानदारानं आपणहून चौथा चेंडू पुढं केला. "अब जरा नीचे मारो, अम्मा."

आईनं चेंडू हातात घोळवला आणि माझ्या हातात दिला.

"तूच हाण, लेका," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "माझं तर वय झालंय."

माझा चेंडू पडद्यालासुद्धा लागला नाही.