प्रेमलताची चार सप्टेंबर

इंदोरा वस्तीतल्या प्रेमलताची जन्मतारीख एक जुलै होती, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी अर्ध्या वर्गाला तीच तारीख देऊन टाकली होती. त्या दिवशी कुणी तिला शुभेच्छा दिल्या, तर तिला उगाच दुसऱ्याचं लुगडं नेसल्यासारखं वाटे.

ती गांधीबागेत आनंदरावांच्या कापडाच्या पेढीवर टायपिस्ट होती. १९८६ साली आनंदरावांनी हौसेनं कॉम्प्युटर घेतला आणि तिला सीताबर्डीच्या क्लासला धाडलं. महिन्या-दोन महिन्यांत तिचा हात बसला. पण यंत्राची एक खोड होती. रात्री बंद केलं की सकाळी त्याला आजची तारीख ठाऊक नसे. १ जानेवारी १९८० दाखवायचं आणि खरी तारीख विचारायचं.

हे तिनं घरी सांगितलं. तिची आई भीमाबाई भाकरी थापत होती. ती म्हणाली, "रोज सांगा लागते? माह्यापरीस येडं आहे वं ते. मले तुह्या जन्माचा वार तरी आठवते."

"कोणता वार, माय?"

"मंगळवार. तुह्ये बाबा मंगळवारी बाजारात गेले होते. अन् तुले चाळीस दिवस पुरे झाले, त्याच दिवशी दीक्षा. न्हाणं झालं, तुले पदरात घेतलं अन् निंघाली मी. बाळंतपणानंतर पयल्यांदा घराबाहेर पाय टाकला, तो तिथंच!"

दीक्षेची तारीख तर वस्तीतल्या लेकरालाही पाठ होती: १४ ऑक्टोबर १९५६.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिनं ती तारीख यंत्राला दिली. यंत्रानं साफ नाकारली. १९८०च्या आधी जग होतं हे त्याला मान्यच नव्हतं. मग तिनं स्वतःच प्रोग्राम लिहिला. कोणत्या महिन्याचे दिवस किती, लीप वर्ष कोणतं, सगळं घातलं आणि चाळीस दिवस मागे मोजून तारीख-वार काढायला लावलं. पडद्यावर उमटलं: ४ सप्टेंबर १९५६, सोमवार.

"सोमवार नाही वं!" घरी हे ऐकताच भीमाबाई उसळली. "यंत्र काय तवा तिथं होतं?"

सकाळी प्रेमलतानं त्याच प्रोग्रामला आजची तारीख देऊन वार विचारला. बुधवार होता, यंत्र म्हणालं, मंगळवार. ती इतकी मोठ्यानं हसली की आनंदराव गादीवरून उठून आले.

"काय झालं बाई?"

"माही माय बरोबर आहे, शेठजी. हे एक दिवस मागं चालून राहिलं."

तिनं एक आकडा बदलला आणि पुन्हा आपली तारीख घातली. मंगळवार! आनंदराव पडद्याकडे वाकले. "अरे, मंग पुढच्या आठवड्यात तुहा वाढदिवस आहे की!"

चार सप्टेंबरला भीमाबाई नवं लुगडं नेसून पेढीवर आली. आनंदरावांनी संत्रा बर्फी मागवली होती. तिनं पहिला तुकडा लेकीच्या तोंडात घातला आणि डोळे पुसत म्हणाली, "तीस वर्षांची झाली माही पोरगी. अन् बारसं आज होऊन राहिलं!"

रविवारी सकाळीच शेजारची तुळसाबाई दारात हजर.

"माह्या धोंडबाची तारीख काढून दे वं. तो झाला तवा कन्हानले पूर होता."

"कोणत्या साली, काकू?"

"साल मी काहून सांगू? तुह्याकडं यंत्र आहे ना!"

प्रेमलताला हसू आवरेना. तिनं चटई टाकली, चहाचं आधण ठेवलं आणि विचारलं, "बरं, त्या वर्षी कोणाचं लगन झालं होतं?"